ओलं दुपटं

“हे चुकलंय,” म्हणत अठ्ठ्याण्णव वर्षांच्या योहानाआजींनी चित्रावर बोट टेकवलं.

मारिटचा चेहरा पडला. नाझींनी हॉलंड बळकावलं होतं, तेव्हा आजी सायकलवरून ज्यू कुटुंबांना खोटी ओळखपत्रं पोचवायच्या. त्यांच्यावर मारिट चित्रपुस्तक करत होती. तिने कागद टोपलीतल्या बटाट्यांखाली दाखवले होते.

“अगं, बटाटे तर शिपाई आधी उपसायचे! कागद मेणकापडात गुंडाळून तान्ह्या बाळाच्या दुपट्यात असायचे. घरून निघताना मी त्याला बाटलीभर दूध पाजायचे. चौकीवर शिपायाचा हात दुपट्याला लागला, की ‘शी!’ म्हणत तो आम्हाला हाकलायचा.”

“बाळ तुमचं?”

“छे गं, ज्यू शेजारणीचं. ती पकडली गेली, बाळ माझ्यापाशी राहिलं.”

मारिटचा आवाज खाली आला. “मग... त्याचं पुढे काय झालं?”

आजींनी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली. ऐंशी ओलांडलेले एक टकले गृहस्थ कॉफीचे कप घेऊन बाहेर आले. त्यांनी चित्र निरखून पाहिलं.

“दुपटं चांगलं ओलंचिंब काढा हं,” ते म्हणाले. “युद्धातली माझी कामगिरी तीच तर होती!”