आखूड दस्ता

आमच्या बैठकीतली जुनी शिकारी रायफल पणजोबांची, हे मी गृहीतच धरलं होतं. भिंतीवरच्या फोटोत ते तीच हातात घेऊन, मारलेल्या बिबट्याजवळ उभे आहेत. परवाना माझ्या नावावर करायच्या आधी तिचा इतिहास लिहून ठेवावा, म्हणून मी ती खांद्याला लावून बघितली, तर लाकडी दस्ता फारच आखूड निघाला. पणजोबा तर माझ्याहून उंच होते. शिवाय गाल टेकून टेकून पॉलिश गेलं होतं ते दस्त्याच्या उजव्या बाजूचं, म्हणजे ती डाव्या खांद्याला लावणारा, डावखुरा. “आत्या, पणजोबा डावखुरे होते का गं?” वडीगोद्रीहून आलेल्या नंदाआत्यानं शेंगा फोडता फोडता मान हलवली. “न्हाई. आजी होती डावखुरी, तुझी पणजी. म्हणून पंगतीत तिला कोणी वाढू देत नव्हतं. सगळ्या बाया वाढायच्या अन् ही मळ्यात जाऊन नेम धरायची. आजोबानंच हैदराबादेहून बंदूक आणली, दस्ता बराबर तिच्या मापाचा करून.” “मग फोटोत पणजोबा कसे?” “बिबट्या तिनंच पाडला. फोटोवाला म्हणला, बाईच्या हातात बंदूक बरी दिसत न्हाई.” मी फोटो उतरवून खिडकीपाशी नेला. पणजोबा बिबट्याकडे बघत नव्हते, कॅमेऱ्याकडेही नाही. दुसऱ्याचं तान्हं पोर धरावं तशी त्यांनी रायफल अवघडून धरली होती, आणि चौकटीबाहेर उभ्या असलेल्या कुणाकडे तरी ते कौतुकानं बघत होते.