सवाईई बेटावरची तपासणी

"डिझेल कुठं ठेवता?" ब्रॉनविनने विचारलं.

"लागतंच कशाला?" लेउते म्हणाली. "भट्टीत नारळाची सोडणं नि करवंट्या जाळतो. हात लावून बघ, राख अजून कोमट आहे."

ब्रॉनविनने खरंच हात लावला आणि कागदावर खूण केली.

ब्रिस्बेनच्या एका साबण कंपनीसाठी ती बारा वर्षं कच्चा माल निवडत होती. थाप मारणारा माणूस तिला पहिल्या वाक्यालाच ओळखू येई. निसर्गाला धक्का न लावता बनवलेला साबण नाताळच्या आत आणायचं कंपनीने दुकानदारांना कबूल केलं होतं. त्यासाठी पाहिलेली तीन गावं तिने नाकारली होती. इथल्या बायका खोबरेल काढत आणि सत्तरीची लेउते त्यांची म्होरकी होती.

"झाडांना खत कसलं घालता?"

"ते डुकरांना विचार," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या खिदळल्या. ब्रॉनविनही हसली.

दुपारी सगळ्याजणी चटईवर जेवायला बसल्या. भाजलेला नीरफणस होता, वर गरम कोको.

"तुमचा कारखाना मोठा असेल, नाही?" लेउतेने विचारलं.

"चारशे माणसं कामाला आहेत, मावशी."

"मग सांडपाणीही पुष्कळ निघत असेल. कुठं सोडता?"

"मागच्या ओढ्यात. नियमाप्रमाणे."

"गाळून?"

"ते खातं माझ्याकडे नाही हो."

"बरं. नीरफणस घे अजून."

उन्हं कलेपर्यंत ब्रॉनविनने भट्टी, विहीर, गोदाम, सगळं पालथं घातलं. बोट ठेवायला जागा सापडली नाही. असं गाव तिला पहिल्यांदाच भेटत होतं. ती पुन्हा बायकांपुढे येऊन उभी राहिली.

"तुम्ही पास झालात! चाळीसपैकी चाळीस. पाच वर्षांचा करार आजच करू या."

कुणी टाळी वाजवली नाही. लेउतेने एकेकीकडे पाहिलं. एकेकीने नकाराची मान हलवली.

"माझी भाची तुमच्या त्या ओढ्याकाठीच राहते," लेउते शांतपणे म्हणाली. "तीन महिने ती पाण्याचे फोटो पाठवतेय. तरी म्हटलं, तुमचं माणूस येतंय, त्याच्या तोंडून ऐकू. ऐकलं. आमचं तेल तुम्हाला द्यायचं नाही, पोरी."