दिपालीचा दिवा

सरजाबाईंनी पिशवीतून पितळी दिवा काढून टेबलावर ठेवला. "उघडून बघा, सर. माझ्यासमोर."

धोंडप्पांनी दिवा लगेच ओळखला. जुन्या पितळी तांब्याला भोक पाडून, वर होल्डर बसवून दिपालीनं तो याच खोलीत केला होता. उदगीरच्या या वर्गात ते बायकांना घरगुती वायरिंग शिकवायचे. तिच्याइतका साफ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. लग्नात ती दिवा सासरी घेऊन गेली होती.

दोन महिन्यांपूर्वी पेपरात चार ओळी आल्या. घरी बनवलेल्या दिव्याचा शॉक लागून विवाहितेचा मृत्यू. त्या दिवसापासून वर्गाला कुलूप होतं; आज सरजाबाईंसाठी ते काढलं होतं.

"तुम्ही दिपालीच्या..."

"घरचीच," सरजाबाई म्हणाल्या. "पोलिसांनी अपघात म्हणून कागद केला. दिवा कुणी उघडला बी न्हाई."

एक ना एक दिवस तिची आई दारात येणार, हे धोंडप्पांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांनी खुर्ची पुढं केली. सरजाबाई उभ्याच राहिल्या.

"तेव्हा घरात कोण होतं?"

"ती अन् तिचा नवरा. दिव्याला हात लावला अन् चिकटली, असं त्यानं सांगितलं."

दिवा उलटा करताच तळाच्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका दिसला. तपासून झालेल्या प्रत्येक दिव्यावर धोंडप्पा स्वतः तो लावत. ठिपका जसाच्या तसा होता. म्हणजे मागाहून कुणी आत हात घातला नव्हता. चूक असलीच तर दिपालीची, नाहीतर तपासणाऱ्याची.

पेचकस दोनदा घसरला. अखेर तळ निघाला.

"वायर आत शिरते तिथं रबर हाय. पितळेच्या धारेनं कापू नये म्हणून," ते हळूहळू सांगू लागले. "ही आतली गाठ. बाहेरून कितीबी ओढा, जोड सुटायचा न्हाई. अन् ही हिरवी वायर अर्थिंगची. पितळेला घट्ट कसलीय."

त्यांनी मीटर लावून बघितलं. पुन्हा लावून बघितलं. करंटची वायर पितळेला कुठंच लागत नव्हती. मग तळ बसवून, प्लग लावून त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. टेस्टर टेकवला, तो पेटला नाही. त्यांनी आपला अख्खा पंजा पितळेवर ठेवला.

"सर!" सरजाबाई एक पाऊल पुढं आल्या.

"काही होत न्हाई, बाई."

"ह्याला हात लावून माणूस मरंल?"

"ह्या दिव्यानं न्हाई मरणार."

दोन महिन्यांत पहिल्यांदा धोंडप्पांच्या छातीवरचं ओझं उतरलं. सरजाबाई मात्र मटकन खाली बसल्या. पदर तोंडात कोंबून त्या रडू लागल्या.

"रडू नका. पोरीची काहीच चूक न्हाई."

"चूक निघावी असं लई वाटत होतं, सर," त्या म्हणाल्या. "न्हाई निघाली. आता हे समदं कागदावर लिहा. सही करा. मी इथून पोलिस ठाण्यातच जाणार हाय."

धोंडप्पांनी कागद पुढं ओढला. त्यांचं मन आतापर्यंत फक्त दिव्यात अडकलं होतं. दिवा निर्दोष, मग पोरगी गेली कशानं? ते खुर्चीत बसले. वायर, गाठ, रबर, मीटरचे आकडे, लाल ठिपका, सगळं त्यांनी नीट लिहिलं. सही केली. सरजाबाईंनी कागदाची घडी घातली आणि उठल्या.

"एकट्या जाऊ नका, मी येतो," चपला शोधत धोंडप्पा म्हणाले. "तुमचा जावई धडधडीत खोटं बोलतोय. काय करील, नेम न्हाई."

"जावई न्हाई, सर," उंबऱ्याबाहेर पडत सरजाबाई म्हणाल्या. "लेक हाय माझा."