उघडत नसलेली फाइल

लेकीसाठी मी गायलेली अंगाई नवऱ्याच्या स्टुडिओत दोन महिने अडकून पडली होती. "तूच कॉम्प्युटर अपडेट केलास की गं! तेव्हापासनं रेकॉर्डिंगचं प्लगइन क्रॅश होतंय, फाइल उघडतच न्हाय," अभिमन्यू रोज सुनावायचा. चूक माझीच, असं मी धरून चालले होते.

आज तो मोडनिंबला लग्नाच्या ऑर्डरला गेला, तशी मी प्लगइनची जुनी आवृत्ती टाकायला बसले. आधी एकदा सहज फाइलवर क्लिक केलं, तर ती झटक्यात उघडली. शब्द माझेच होते. आवाज मात्र कधीच न ऐकलेल्या बाईचा होता.



मांडीवरची तीन वर्षांची लेक टाळ्या पिटत ओरडली, "मम्मी, रेवामावशी!"