बक्षीस एक सेंट

समजा, तुमचं वय दहा वर्षांचं आहे आणि तुमच्या भावाची किंमत गावच्या पेपरात छापून आली आहे. एक सेंट. भर दुकानात कुणीतरी ती मोठ्याने वाचतंय आणि लोक हसताहेत. अशा वेळी तोंड कुठे लपवाल? जरा मनात आणून बघा.

थर्झाला ते सुचत नव्हतं. ती कॉफीच्या बिया तोलत होती आणि तिसऱ्यांदा वजन चुकलं होतं.

"'पळून गेला आहे,'" लोहार डॅगेट पेपर लांब धरून वाचत होता. "'एनॉक वेल्स, वय पंधरा, पिंपांच्या कामावरचा शिकाऊ मुलगा. केस लाल. दक्षिणेला, नदीकडे गेल्याचा संशय. आणून देणाऱ्यास बक्षीस एक सेंट. वाटखर्च मिळणार नाही. जे. हॅस्किन्स.' घ्या! अहो ऑर्कटबाई, एका सेंटात तुमची साखरेची कांडी घ्यावी की हा पोरगा?"

"कांडी घ्या," दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या. "ती निदान जेवायला तरी मागत नाही."

पुन्हा हशा.

"त्याचे केस लाल नाहीत," थर्झा पुटपुटली.

"नसतील गं," डॅगेट म्हणाला. "मी कुठे त्याची टोपी काढून बघितलीय? हॅस्किन्सच्या शेडमधून पोरगं बाहेर यायचं ते काजळी फासूनच."

थर्झा आणि एनॉकला आईबाप नव्हते. अशा मुलांना काउंटी, म्हणजे जिल्ह्याची कचेरी, कराराचा कागद करून कुणाच्या तरी हाती कामाला द्यायची. थर्झाला घरकामासाठी ऑर्कटबाईंकडे दिलं होतं आणि एनॉकला ओढ्यापलीकडच्या हॅस्किन्सकडे. हॅस्किन्सने चार वर्षांत त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. 'ए पोरा' म्हणायचा, तेही कमीच. आता काउंटीने ठरवलं होतं, की एक तारखेपासून एनॉकचा कागद चुन्याच्या भट्टीवाल्या स्टोक्सकडे जाणार. त्या भट्टीवर मागच्या वर्षी एका मुलाचे डोळे गेले होते. हॅस्किन्सने ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा रंधा चालवायला लागला. शनिवारी एनॉक पळाला.

पळालेल्याची नोटीस मालकाला द्यावीच लागते. पण एक सेंट? हे पेपर गावोगाव जातात. एका सेंटाच्या मुलाला काम कोण देणार? आणि त्यानेच ते कुठे वाचलं तर?

"बाई, मी आलेच," थर्झा म्हणाली आणि अंगातला ॲप्रनही न काढता पळत सुटली.

छापखान्यात मिस्टर टटल छपाईचे खिळे जुळवत उभे होते. शेगडीपाशी एक आडदांड माणूस हात शेकत होता. त्याच्या बुटांवर पांढरी भुकटी होती.

"मिस्टर टटल, तुम्ही चूक छापलीय!"

"मी?" टटलनी चष्मा वर केला. "सतरा वर्षांत दोनदा चुकलोय, पोरी. दोन्ही वेळा लग्नाच्या बातमीत."

"एक सेंट कसा असेल? आणि केससुद्धा चुकलेत! एनॉकचे केस काही..."

"थांब, थांब," टटल घाईने म्हणाले.

"थांब कशाला? बोलू द्या की तिला," शेगडीजवळचा माणूस वळला. "मी स्टोक्स. अठरा मैल घोडा दामटत आलोय. तो पोरगा आता माझा आहे. बक्षीस एक सेंटाचं, म्हणजे दुसरं कुणी त्याच्या मागे जाणार नाही, मलाच जावं लागणार. आणि मी त्याला पाहिलेलंही नाही. तू कोण त्याची?"

"बहीण."

"वा! मग तूच सांग. केस कसे आहेत?"

थर्झाचे कान तापले. या माणसाला काही सांगायचं नाही हे तिला कळत होतं. पण तो सेंट, ते हसणं आणि तो 'ए पोरा' म्हणणारा म्हातारा हॅस्किन्स, सगळं एकदम बाहेर पडलं.

"हॅस्किन्सने त्याच्याकडे कधी धड बघितलंच नाही!" ती ओरडली. "म्हणून काहीतरी लिहून दिलं!"

टटलनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. मग त्यांनी तारेला टोचलेल्या कागदांतून एक काढला आणि स्टोक्सकडे पाठ करून तिच्या हातात दिला.

"माझी चूक आहे की नाही ते तूच बघ. हॅस्किन्सच्या हातचा कागद आहे. वाचता येतं ना?"

"एनॉकने शिकवलंय."

अक्षर मोठं, वेडंवाकडं होतं. जागोजाग खाडाखोड होती.

'बक्षीस दहा डॉलर' खोडून वर 'एक सेंट' लिहिलं होतं.

'केस काळे, डाव्या भुवईवर वण' खोडून 'केस लाल'.

'उत्तरेला, सरोवराच्या वाटेने' यावर दोन रेघा मारून 'दक्षिणेला, नदीकडे' लिहिलं होतं; दुसरी रेघ इतकी दाबून की कागद फाटला होता. सरोवराकडे जायचं एनॉकने एकट्या थर्झाला सांगितलं होतं, असं तिला वाटत होतं.

आणि खाली एक आख्खी ओळ खोडलेली, जिच्या जागी दुसरं काहीच लिहिलेलं नव्हतं: 'पिंपाला लोखंडी कडं बसवण्यात माझ्याहून सफाई.'

थर्झाने कागद दोनदा वाचला.

"काय गं?" स्टोक्स जवळ येत म्हणाला. "चुकलंय ना? कसा दिसतो तो, बोल."

थर्झाने कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि तो टटलना परत दिला.

"केस लालच आहेत," ती म्हणाली. "पण मिस्टर टटल, तो उजव्या पायाने लंगडतो, ते छापायचं राहिलंय."