नवा पंखा

गेम ऐन रंगात आला की माझा जुना कॉम्प्युटर धाडकन बंद पडायचा. आज स्पर्धेची फायनल, म्हणून मित्राला, शार्दूलला, दुरुस्तीला बोलावलं.

कॅबिनेट उघडताच तो हसला. "अरे, पंख्यात कुंकू साचलंय! मशीन तापेल नाहीतर काय?"

"आईचं काम. दर खंडेनवमीला पूजा करायची त्याची."

आई वैशाखात गेली. शार्दूल सगळं पुसू लागला. त्याने नवा पंखा बसवला, स्क्रू घट्ट पिळले. मी खेळायला बसलो. पहिलीच गोळी झाडली आणि स्क्रीन काळी.

"आता काय झालं याला?" वैतागून त्याने झाकण काढलं आणि झटक्यात हात मागे घेतला. नव्या पंख्याच्या मधोमध कुंकवाचं बोट उमटलं होतं. ओलं.

"तू लावलंस?" त्याने मला विचारलं.

"मी तर तुझ्यासमोरच होतो."

खाली झेंडूवाला ओरडत होता. आज खंडेनवमी, हे घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं. मला आईचं दरवर्षीचं वाक्य आठवलं: "पूजा झाली की हात लावायचा नाही हं. आज त्यालाही विश्रांती."

मी हळूच माउसवरचा हात काढला.