उत्तर येईपर्यंत

"पाच वर्षांचं पोर घेऊन वर्षभर पाण्यावर राहायचं? तुम्ही आईबाप आहात की वैरी?" आजींनी मुलाला पुन्हा एकदा विचारलं. हॉलमध्ये बॅगा बांधून तयार होत्या. थोड्या वेळाने मुलगा, सून आणि नात बंदराकडे निघणार होते, आणि तिथून आपल्या शिडाच्या बोटीने लांबच्या सफरीला.

मंडळी घरी आल्या दिवसापासून आजींचं हेच चाललं होतं. तिथे शाळा नाही, डॉक्टर नाही, खेळायला दुसरं मूल नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आता त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला. "तुम्हाला बुडायची हौस असेल तर खुशाल जा. नातीला माझ्याकडे ठेवा. इथे चार भिंती आहेत, आणि मी आहे."

सुनेने मान वर केली नाही. बॅगेची एकच चेन ती उघडत होती, लावत होती.

मुलगा वाद घालून दमला होता. "ती स्वतःहून थांबली तर ठेवून घे, आई. ओढत नेणार नाही मी तिला."

नात गॅलरीच्या दारात उभी होती. वाळत घालायचा ओला टॉवेल हातात. कधीची उभी होती कोण जाणे, पायाशी पाणी साचलं होतं.

"अगं, खांबासारखी उभी काय राहिलीस?" आजी म्हणाल्या.

"मी गॅलरीत जाते म्हटलं. तू 'ऐकलं' म्हणालीच नाहीस."

बोटीवरची पद्धत मुलाने सांगितली. खालच्या खोलीतून वर डेकवर जायचं तर आधी ओरडून सांगायचं. कुणीतरी 'ऐकलं' म्हटल्याशिवाय पायरी चढायची नाही, मग लहान असो की मोठं. आणि ज्याने 'ऐकलं' म्हटलं, त्याने लक्ष ठेवायचं.

"इथे कुठे समुद्र आलाय मेला!" आजी फणकारल्या आणि टॉवेल घेऊन स्वतःच गॅलरीत गेल्या. घर चौथ्या मजल्यावर. कपडे वाळत घालायचं त्यांचं स्टूल कठड्याला चिकटून होतं. ते कायमच तिथे असायचं. आजींनी ते ओढून आत आणलं.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. बॅगा लिफ्टमध्ये गेल्या. सून "येते, आई" म्हणाली, तर आजींनी तोंड फिरवलं. शेवटी नात आली, पाठीवर तिची छोटी बॅग.

"आजी, मी जाते," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर थांबली.

"चल गं," सुनेने लिफ्टमधून हाक मारली. नात हलली नाही. आजींकडे बघत राहिली.

आजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस बोलून बोलून जे जमलं नव्हतं, ते आता नुसतं गप्प बसून जमणार होतं. मुलगा शब्दाचा पक्का होता. त्याच्याही ते लक्षात आलं होतं. लिफ्टचं दार धरून तो आईकडे बघत होता, पण लेकीला हाक मारत नव्हता.

आजींनी ओठ घट्ट मिटले. ही पोर त्यांना हवी होती, अगदी आतड्यापासून हवी होती. नातीने पाठीवरची बॅग सावरली. तिला घाई नव्हती. आजी उत्तर देणारच, याबद्दल तिला जराही शंका नव्हती.

"ऐकलं," आजी म्हणाल्या, आणि लक्ष ठेवायला गॅलरीत गेल्या.